पत्रातली उणी ओळ

तायडे सरांविषयी मी लिहिलेलं याआधी एकदाच लोकांपुढे आलं आहे. ते एका पानाचं पत्रक होतं, पिवळ्या कागदावर छापलेलं, आणि वऱ्हाडातल्या मालेगावच्या आमच्या कॉलेजच्या फाटकापासून बसस्टँडपर्यंत आम्ही ते एका सकाळी वाटून संपवलं. मथळा माझाच: 'शिफारस करता की वाट लावता?' तो सुचला तेव्हा मी खूश झाले होते. मथळा जमला की खालचं सगळं खरं वाटायला लागतं, वाचणाऱ्याच्या आधी लिहिणाऱ्यालाच.

सर आम्हाला एम.एस्सी.ला प्राणिशास्त्र शिकवायचे. तासिका तत्त्वावर. म्हणजे जूनमध्ये नेमणूक, एप्रिलमध्ये नमस्कार, आणि मधल्या काळात प्राचार्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसणं. चौदा वर्षं त्यांनी तो बाक झिजवला. मेडशीहून एसटीने यायचे, एसटीने जायचे. शर्ट नेहमी पूर्ण बाह्यांचा. उजवी बाही कोपरापर्यंत दुमडलेली, डावी मनगटावर नीट बटण लावलेली. पहिल्या दिवशी आम्ही पोरी त्यावर हसलो. त्यांना ते दिसलं असावं. फळ्याकडे वळत म्हणाले, "उजवा हात कामाचा, डावा कॉलेजचा. साहेब आले का डावा पुढे करतो."

कुणी काहीही सांगायला आलं की त्यांच्या तोंडून एकच शब्द निघायचा. सर, काच फुटली. "मंग?" सर, बस चुकली. "मंग?" सर, घरचे माझं लग्न ठरवून राह्यले. "मंग?" त्यात राग नसायचा आणि हळहळही नसायची. पुढे तू काय केलंस किंवा काय करणार आहेस, एवढंच विचारलेलं असायचं. सुरुवातीला तो शब्द अंगावर यायचा. नंतर आम्ही त्यांच्याकडे जाण्याआधीच त्या 'मंग'चं उत्तर तयार ठेवू लागलो. शिकवलं म्हणजे त्यांनी हेच शिकवलं, असं मला आता वाटतं.

पण सरांचं खरं काम उन्हाळ्याचं. हैदराबाद, पुणे, बंगलोरकडच्या मोठ्या संशोधन संस्था एम.एस्सी.च्या पोरांना सुट्टीत दोन महिने आपल्या प्रयोगशाळेत घेतात. रक्तावर, पेशींवर, औषधांवर जे काम चालतं त्यात हात घालू देतात, राहायला जागा देतात. इंटर्नशिप म्हणतात त्याला. आमच्याकडे तो शब्द इंजिनिअरिंगवाल्यांचा होता. असल्या संस्थांच्या सूचना कॉलेजच्या ऑफिसात येऊन तिथेच मरायच्या. सर त्या मागून आणत आणि पाण्याच्या कूलरवर चिकटवत. नोटीस बोर्डावर का नाही, असं मी विचारलं होतं. म्हणाले, बोर्डापुढे कोणी थांबत नाही, पाण्यापुढे सगळे थांबतात.

हे सगळं ते काहून करतात, हे त्यांनी एकदाच सांगितलं. त्यांची मोठी बहीण हाडं दुखतात म्हणून रडायची आणि गावात तिला कामचोर म्हणत. सिकलसेल. आजाराचं नाव कळलं तेव्हा ती राहिली नव्हती. तपासणीची पथकं नंतर वस्तीत यायला लागली, बोटं टोचून जायला लागली. "आपलं रक्त लय वेळा नमुना म्हणून गेलं," सर म्हणाले. "आता आपली पोरं तपासाले गेली पाह्यजेत." हे वाक्य मी त्याच आठवड्यात आमच्या विद्यार्थी संघटनेच्या पत्रकात घालून टाकलं, सरांना न विचारता. त्यांनी वाचलं आणि शुद्धलेखनाची एक चूक दाखवली. बाकी काही बोलले नाहीत.

मार्च लागला की तयारी सुरू. प्रयोगशाळेत चार सूक्ष्मदर्शक होते, त्यातला एक चालायचा. जीवाणू वाढवायचं इनक्युबेटर माझ्या काळात तरी कधी चालू नव्हतं. सर म्हणायचे, मालेगावचा एप्रिल पुरते. आणि खरंच पुरायचा. मायक्रोपिपेट मात्र एक चांगली होती, त्यांनी स्वतः कुठूनतरी जुनी मिळवलेली. थेंबाच्याही लहान तुकड्याला मोजून उचलणारी ती नळी हातात बसायला आठवडे लागतात. आपण उचललं ते बरोबर की चूक हे कळणार कसं? पाणी वजन करून. एक मिलीलीटर पाणी, एक ग्रॅम. पण कॉलेजचा काटा बिघडलेला. मग सर आम्हाला घेऊन बाजारपेठेतल्या एका सोनाराकडे जायचे. दुपारी, गिऱ्हाईक नसताना.

काउंटरवर सोन्याचा काटा, त्यावर आमचं बाटलीचं प्लॅस्टिकचं टोपण, आणि आम्ही एकेक जण त्यात पाणी सोडतोय. सोनार काका गल्ल्यामागून बघत बसायचे. "सर, आज काय घडवून राह्यले? पाण्याची बाळी का पाण्याची अंगठी?" माझी पाळी आली तेव्हा त्यांनी काट्याकडे न बघता माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. "घाई हाय माय तुले. सोनं असतं तं आतापर्यंत तीन गिऱ्हाईकं भांडाले आली असती." सर हसले. मला राग आला. मी दहा वेळा केलं, आठ वेळा चुकलं.

त्या आठही चुका मी वहीत लिहिल्या. चुकांची वही हा सरांचा दुसरा नेम. जाड पुठ्ठ्याची, लांबट. तीन रकाने: काय झालं, त्यानं काय बिघडलं, पुढच्या वेळी. ज्याची चूक त्याने स्वतःच्या हातानं लिहायची. पहिल्या पानावर पहिली चूक सरांचीच होती: नमुने उलट क्रमाने लावले, पोरांचे दोन दिवस गेले. वहीत 'सॉरी' लिहिणं मना होतं. एकाने लिहिलं तर सरांनी त्याला खोडायला लावलं. "माफी मले नोको मागू. काय झालं ते लिही. तुझ्या मागून येणाऱ्याले ते कामाले येते."

आता पत्राचं सांगते. संस्थेच्या अर्जासोबत आपल्या शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. इतर प्राध्यापकांकडे छापील नमुना असायचा, नाव घातलं की झालं. तायडे सर प्रत्येकाचं पत्र हाताने लिहायचे, एका पानात. मग त्या मुलाला समोर बसवून वाचून दाखवायचे. पत्र इंग्रजीत, वाचन वऱ्हाडीत. आणि प्रत्येक पत्रात एक ओळ उणी असायची. त्या पोराचा किंवा पोरीचा एक खरा दोष, वहीतून शोधलेला. ती ओळ ते जास्त हळू वाचायचे. वाचून झालं की पाकीट त्याच्या हातात. पाठवायचं की नाही हे त्याचं त्यानं ठरवायचं.

आसेगावचा संदीप आमच्या दोन वर्षं पुढे होता. आई-बाप दोघं मजुरीला जाणारे. त्याच्या पत्रात लिहिलं होतं: याच्या हातून काच फुटते, पण फुटल्याच्या मिनिटाला येऊन सांगतो. संदीप रडवेला झाला होता म्हणे. तरी त्यानं ते पाठवलं आणि हैदराबादला निवड झाली. तिथली प्रयोगशाळा चालवणाऱ्या बाईंनी त्याला पहिल्याच दिवशी विचारलं, तूच का तो काच फोडणारा? तिसऱ्या आठवड्यात त्याच्या हातून पेशींच्या एका डिशमध्ये घाण गेली. त्यानं मिनिटाला जाऊन सांगितलं, म्हणून बाकीच्या डिशा वाचल्या. बाई त्याला म्हणाल्या, आमच्याकडे शेकडो पत्रं येतात, सगळी पोरं मेहनती आणि प्रामाणिक. आम्हाला माणूस दिसला तो फक्त तुझ्या पत्रात. संदीप आता तिथेच पीएच.डी. करतो. ही गोष्ट मला तेव्हाही माहीत होती. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

माझं पत्र असं होतं: हिचा हात सुधारतो आहे, डोकं चांगलं आहे. पण हिला वाट पाहता येत नाही. जीवाणू वाढायला ठेवलेली झाकणाची प्लेट दर अर्ध्या तासाने उघडून बघते, आणि मग त्यात बाहेरचं काहीतरी पडतं.

मी म्हटलं, सर, ही ओळ काढा.

"एक प्लेट न उघडता ठेवून दाखव, प्रज्ञा माय. उद्याच्या उद्या काढतो."

एक दिवस. चोवीस तास एक झाकण उघडायचं नव्हतं, एवढंच. मी केलं नाही. पाकीट घरी नेऊन ट्रंकेत टाकलं आणि मैत्रिणींना सांगितलं की चळवळीच्या कामासाठी इंटर्नशिप सोडली. त्यावर दोघी-तिघींनी माझं कौतुकही केलं, आणि मी ते घेतलं.

पुढच्या वर्षी निखत. निखत हे तिचं नाव नाही. हे सगळं मी तिला विचारून लिहिते आहे. या वेळी विचारलं. मालेगावातल्या एका टेलरची मुलगी, माझ्याहून एक वर्ष मागे, हात असा स्थिर की सोनार काका म्हणाले, हिले माझ्याकडेच राहू द्या सर. तिच्या वडिलांना राजी करायला सर दुकानात गेले होते, मी सोबत होते. वडील म्हणाले, बोलत राहा सर, मी माप घेतो. सर हात पसरून उभे आणि तसेच हैदराबाद समजावून सांगतायत: होस्टेल कसं, मुलींची सोय कशी, रात्री परतायची वेळ कोणती. वडिलांनी छाती मोजली, खांदा मोजला. टेप गळ्यात टाकून शेवटी एवढंच म्हणाले, "लडकी जाएगी, सर. बस उसके नाम पे बात नहीं आनी चाहिए." सर म्हणाले, "नाई येणार. माझ्याकडून तं नाईच." शर्ट शिवून झाला तेव्हा त्याची उजवी बाही टेलरने स्वतःच दुमडून इस्त्री केली होती.

निखतच्या हातून त्या मार्चमध्ये रक्तपेशी मोजायची काच फुटली होती. अख्ख्या कॉलेजात तेवढी एकच होती. तिनं ती कपाटात मागे सरकवली आणि तीन दिवसांनी स्वतः वहीत लिहिलं. सरांनी पत्रात तेच घातलं.

मे महिन्यात यादी लागली. निखतचं नाव नव्हतं. ती लेडीज रूममध्ये भिंतीला टेकून रडत होती. मी तिला एकच प्रश्न विचारला: सरांनी तुझ्याही पत्रात दोष लिहिला होता का? तिनं मान हलवली. पुढे ती काहीतरी बोलायला गेली. मी थांबले नाही. मला हवं ते मिळालं होतं.

पत्रक मी तासाभरात लिहिलं. 'गावखेड्यातल्या मुली आधीच शंभर अडथळे ओलांडून येतात. त्यांच्या गळ्यात दोषाची पाटी अडकवून त्यांना मोठ्या संस्थांच्या दारात उभं करणारा हा शिक्षक कुणाच्या बाजूचा आहे?' असं त्यात होतं. कुणाच्या बाजूचा! मेडशीच्या बौद्धवाड्यातला माणूस, बहिणीला सिकलसेलने गमावलेला, त्याला मी हे विचारत होते, आणि मीही त्याच वस्त्यांमधली. आमच्यातल्या कुणीतरी म्हटलंही, निखतला एकदा दाखवून घेऊ. मी म्हटलं, ती घाबरेल, तिला कशाला मधे घ्यायचं. हे मला तेव्हा तिची काळजी घेणं वाटलं.

प्राचार्यांनी चौकशी समिती बसवली. तक्रारदार म्हणून मी आत खुर्चीवर. सर उभे. निखत दाराशी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. प्राचार्यांनी विचारलं, तुम्ही विद्यार्थ्यांचे दोष लिहिता, हे खरं आहे?

"खरं हाय."

कशासाठी?

"ज्याचा दोष मले माहीत नाई, तो पोरगा मले माहीतच नाई, साहेब. त्याच्याबद्दल मी काय लिहू?"

मग या मुलीच्या पत्रात काय लिहिलं ते समितीपुढे सांगा. सरांनी दाराकडे पाहिलं. निखत खाली बघत होती. सर म्हणाले, "ते पत्र तिचं हाय. तिले वाचून दाखवलं. तुमाले नाई दाखवत." समितीतल्या एकाने हे उद्धटपणा म्हणून टिपून घेतलं. मीही मनात टिपलं: बोलायला काही उरलं नाही. जून लागला तेव्हा तासिकांच्या यादीत तायडे हे नाव नव्हतं. बाकावर सरही नव्हते. सगळ्यांना छापील पत्र मिळेल असं ठरलं; मेहनती, प्रामाणिक व होतकरू. आम्ही त्याला विजय म्हटलं. फोटोही काढला.

दहा महिन्यांनी, पुन्हा मार्चमध्ये, निखत माझ्या घरी आली. पाणी दिलं ते तसंच हातात धरून बसली.

"दीदी, वो सरवाला खत मैंने भेजाच नहीं था."

तिला त्या ओळीची लाज वाटली होती. तीन दिवस काच लपवली हे परक्या शहरातल्या लोकांनी वाचावं, हे तिला सहन होईना. तिनं विभागप्रमुखांच्या सहीचं छापील पत्र घेतलं आणि अर्जाला तेच जोडलं. हैदराबादच्या बाईंकडे आमच्या कॉलेजातून नेहमी सरांनी हाताने लिहिलेलं पत्र यायचं; हे छापील पाहून त्यांना वाटलं, या मुलीची शिफारस करायला तायडे सरांनी नकार दिला. म्हणून नाव मागे पडलं. यादी लागल्यावर त्यांनी सरांना फोन करून विचारलं होतं. म्हणजे चौकशीला उभे राहिले तेव्हा सरांना सगळं ठाऊक होतं. एका वाक्यात सुटले असते: माझं पत्र गेलंच नाही. पण मग पुढचा प्रश्न आला असता की पत्र बदललं कुणी, आणि उत्तर दाराशी उभं होतं.

निखत म्हणाली, त्या दिवशी लेडीज रूममध्ये मी तुम्हाला सांगत होते. तुम्ही निघून गेलात.

ती माझ्याकडे यायच्या आधी सरांकडे जाऊन आली होती. सर तिला म्हणाले, आधी वही. तिनं लिहिलं. मग त्यांनी तिचं नवं पत्र लिहिलं, कॉलेजचं नाव नसलेल्या साध्या कागदावर. त्यातली उणी ओळ काय होती ते मी विचारलं नाही. त्या उन्हाळ्यात ती हैदराबादला गेली.

मी मात्र पुन्हा माझ्या सवयीचंच केलं. पत्रक लिहिलं. या वेळी पांढरा कागद, मथळा 'आम्ही चुकलो'. पत्र कुणी बदललं, फोन कुणाचा आला, सर का गप्प राहिले, सगळं क्रमाने. छापायला देण्याआधी सरांना दाखवावं एवढी अक्कल तोवर आली होती.

ते आता सकाळी मालेगावातल्या एका रक्त तपासणीच्या दुकानात नमुने घेतात. दुपारी चार-पाच पोरं त्यांच्याकडे येतात, सोनाराकडे अजून जातात. मला ते बसस्टँडवर भेटले, मेडशीच्या गाडीची वाट बघत. मी कागद दिला. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी उभ्यानेच वाचला. दोनदा.

"लिहिलं चांगलं. हे छापलं तं लोक विचारतीन, ती पोरगी कोन?"

मी म्हटलं, नाव नाही घातलं सर.

"मालेगाव केवढं हाय, माय? टेलरच्या दुकानात पहिला गिऱ्हाईक जाईन अन् विचारीन." कागद घडी करून त्यांनी माझ्या हातात परत ठेवला. "मंग?"

मला त्यांची जागा परत मिळवून द्यायची होती, हे खरं. आणि मला मोकळंही व्हायचं होतं, सगळ्या गावासमोर, हेही तेवढंच खरं. त्यांनी दुसरं ओळखलं असावं. रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. कापडी पिशवीतून त्यांनी वही काढली, तीच, पुठ्ठा आता चिकटपट्टीने जोडलेला. पान उघडून पेन दिलं आणि बाकावर माझ्यासाठी जागा केली.

पहिल्या रकान्यात लिहिलं: निखतचं ऐकून घेतलं नाही. दुसऱ्यात: सरांचे तास गेले. ते बघत होते. मी खाली आणखी एक ओळ लिहिली: छापील पत्रावर कॉलेजातून कुणी गेलं नाही. मग तिसरा रकाना. पुढच्या वेळी. पेन कागदावर टेकवलं आणि थांबले. विचारून लिहीन, असं लिहिता आलं असतं. पण आपल्याला छान वाक्य सुचतंय एवढं कळलं आणि हात पुढे जाईना. चौदा वर्षं बाकावर बसलेल्या माणसाला पुढची वेळ कुठली देणार होते मी?

मेडशीची गाडी लागली. लोक दाराकडे धावले. मी म्हटलं, सर, दोन मिनिटं थांबा, लिहिते.

"घाई नोको करू." त्यांनी माझ्या हातातून वही घेतली आणि मिटली, हळूच, प्लेटचं झाकण लावावं तशी. "राहू दे झाकून. पुढे कधी भरजो."

गर्दीत ते आत चढले. खिडकीतली जागा त्यांना मिळाली. वही मांडीवर, पिशवी पायाशी. गाडी वळली तेव्हा त्यांनी दांडी धरायला हात वर केला, आणि तो डावा हात होता. टेलरने शिवलेला तोच शर्ट. दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या.